डाव्या खांद्यामागची जागा

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. रडार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे विमानतळावरची फिरती तबकडी येईल, पण माझा जीव साबणाच्या वडीएवढा. एका राखाडी गाडीच्या मागच्या बंपरच्या आत, डाव्या कोपऱ्यात मी बसलेला असतो. उजव्या कोपऱ्यात माझा जुळा भाऊ असतो, पण आमची कधी भेट झालेली नाही. मलाही सहसा कुणी पाहत नाही. लोक पाहतात तो आरशातला इवलासा पिवळा दिवा, आणि शाबासकीही त्यालाच देतात. राबायचं मी आणि मिरवायचं त्यानं! असो.

गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यामागे एक जागा अशी असते, की ती ना आतल्या आरशात दिसते ना बाहेरच्या. तिथे अख्खी मोटार मावते, तरी दिसत नाही. त्या जागेवर नजर ठेवणं हे माझं काम. मी डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी सोडतो. त्या कशावर तरी आपटून परत आल्या की मला कळतं, शेजारी कुणीतरी आहे. मग मी आरशातला दिवा लावतो. दिवा लागलेला असताना कुणी त्याच बाजूला वळायचा इशारा दिला, तर मात्र मी पीं-पीं करून सगळी गाडी डोक्यावर घेतो. कारखान्यात पांढऱ्या कोटातल्या एका मुलीनं माझ्यासमोर पत्र्याचा तुकडा इकडून तिकडे फिरवला होता आणि मी तो दर वेळी बिनचूक ओळखला होता. तेव्हापासून मला माझ्या नजरेची थोडी घमेंड होती, नाही कशाला म्हणू?

ही गाडी घेतली चष्मेवाल्या काकांनी. बाजारपेठेत त्यांचं चष्म्यांचं छोटं दुकान. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काका आणि काकू गाडीत भिंगांची पेटी टाकून गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जायचे. काका तिथल्या आजी-आजोबांचे डोळे तपासायचे, चष्म्यांचे ढिले स्क्रू आवळायचे. काकू अक्षरांचा तक्ता धरून उभ्या राहायच्या आणि जी आजी अक्षर चुकेल तिला हळूच पुटपुटून सांगायच्या. मग काका रागवायचे, की अशानं नंबर कसा काढू?

या दोघांची गाडी चालवायची एक तऱ्हा होती. समोर आणि उजवीकडे बघायचं ते काकांनी, डावीकडे बघायचं ते काकूंनी. वळायचं असलं की काका नुसतं "हं?" करायचे. काकू मान वळवून मागे बघायच्या आणि "घ्या" किंवा "थांबा" म्हणायच्या. लग्न झाल्यापासूनची ही वाटणी. काकांनी डावीकडे म्हणून कधी मान वळवली नव्हती. आपण सगळ्यांसारखीच गाडी चालवतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांच्या लेकीला मात्र घोर लागला. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. एखाद्या दिवशी आई सोबत नसली तर बाबा काय करणार, असं म्हणून तिनं हट्टानं माझ्यासकट नवी गाडी घ्यायला लावली. पहिल्याच दिवशी काकूंचं "थांबा" तोंडातून बाहेर पडायच्या आत मी दिवा लावला. काकूंनी दिव्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कुठली सवत आणून बसवलीत?" काका दुकान येईपर्यंत हसत होते.

सवत तर सवत, पण मी मन लावून काम केलं. एका धुक्याच्या सकाळी अगदी खेटून आलेला टँकर मी त्यांना वेळेवर दाखवला. त्या दिवसापासून काका गिऱ्हाइकांना माझ्याच गोष्टी सांगू लागले. "माझ्या गाडीला पाठीलाही डोळे आहेत" हे वाक्य तर त्यांनी इतक्यांदा ऐकवलं, की समोरचा माणूस चष्मा न घेताच उठायचा. हळूहळू त्यांनी "हं?" विचारणं सोडलं. काकूंनीही मान वळवणं सोडलं आणि विणकाम हाती घेतलं. लेकीला फोनवर त्या म्हणायच्या, "मला काय, मी आता नुसती बसते." सगळ्यांना वाटलं, बरं झालं, त्यांना आराम मिळाला. मला मात्र त्यांच्यासाठी वाईट वाटायचं. कुणाचं काम कमी होणं आणि कुणाची गरज संपणं यात फरक असतो, आणि तो फरक त्यांच्या आवाजात मला ऐकू यायचा.

आता मला काय येत नाही तेही सांगतो. मागून वाऱ्यासारखी मोटारसायकल आली, तर माझा दिवा लागेपर्यंत ती शेजारी पोहोचलेलीही असते. सायकल कधी कळते, कधी निसटते. बंपरवर चिखलाचा थर बसला किंवा पाऊस धो धो कोसळू लागला की माझी नजर मंदावते. गल्लीबोळात गाडी रांगू लागली की मी चक्क डुलकी काढतो, माझी घडणच तशी आहे. हे सगळं गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलं आहे. ते पुस्तक समोरच्या खणात, आपल्या प्लास्टिकच्या वेष्टनात सुखरूप होतं.

मग एकदा भाजीबाजारात एका हातगाडीचा लोखंडी कोपरा आमच्या बंपरवर आदळला आणि अगदी माझ्या तोंडासमोर खड्डा पडला. नेमकी त्याच सुमारास लेक बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी येणार होती. नातवाला अशा पोचे पडलेल्या गाडीतून आणायचं हे काकांच्या मनाला पटेना. त्यांनी गाडी रंगाऱ्याकडे नेली. रंगाऱ्यानं खड्ड्यात पुट्टीचे थरावर थर भरले, घासून गुळगुळीत केले आणि वर असा रंग चढवला, की खड्डा कुठे होता हे सांगता येऊ नये. गाडी परत देताना तो म्हणाला, की या कोपऱ्यात रडार असतो, तेव्हा एकदा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. काका "हो, हो" म्हणाले. मग पाळणा आणायचा होता, दुधाच्या बाटल्या आणायच्या होत्या, खोलीला पडदे लावायचे होते. तपासणी राहून गेली.

मित्रांनो, गाडी नव्यासारखी चमकत होती आणि मी आत गुदमरत होतो. तोंडावर उशी दाबून कुणाला हाक मारावी, तशी माझी गत झाली. ट्रक, बस असली धुडं मला अजून कळायची आणि त्यांच्यासाठी दिवाही लागायचा. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. लहान गाड्या मात्र मला कळेनाशा झाल्या. मला काही दिसत नाही हे सांगणारा दुसरा दिवा या गाडीत नव्हता.

लेक आली. स्टेशनवरून घरी येताना काकू पुढे बसल्या होत्या, लेक आणि बाळ मागे. रुंद रस्त्यावरून डावीकडे येऊन आमच्या वळणाला लागायचं होतं. काकांनी आरशात पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. त्यांनी इशारा दिला आणि गाडी डावीकडे घेतली. तेवढ्यात बाळ रडायला लागलं म्हणून काकूंनी मागे मान वळवली, आणि त्यांना खिडकीबाहेर, हाताच्या अंतरावर, एका स्कूटरवालीचं हेल्मेट दिसलं.

"थांबा!"

कित्येक महिन्यांत हा शब्द गाडीत उमटला नव्हता. पण काकांचा पाय तो शब्द विसरला नव्हता. ब्रेक लागला. स्कूटर फुटपाथच्या कडेला घासली, डगमगली आणि उभी राहिली. पुढे अडकवलेल्या पिशवीतले टोमॅटो रस्ताभर घरंगळले. ती बाई स्कूटर लावून काकांच्या खिडकीशी आली. काकांना वाटलं, आता ही शिव्या देणार.

ती म्हणाली, "काका, मी तुमच्या शेजारीच होते."

"दिवा लागला नव्हता हो," काका म्हणाले.

"पण मी होते ना."

काका खाली उतरले आणि रस्त्यावर वाकून तिचे टोमॅटो गोळा करू लागले.

घरी आल्यावर काकांनी गाडीची किल्ली काकूंच्या हातात ठेवली आणि यापुढे आपण गाडी चालवणार नाही असं जाहीर केलं. वृद्धाश्रमाचं काय, असं लेकीनं विचारलं. मग त्यांनी एका कागदावर फुली काढली, तिच्या उजव्या बाजूला अंतर सोडून एक टपोरा ठिपका काढला आणि लेकीला डावा डोळा झाकून फुलीकडे बघायला लावलं. कागद हळूहळू जवळ आणला, तसा एका जागी ठिपका नाहीसा झाला. तिथे भोक दिसलं नाही की काळोख दिसला नाही, नुसता कोरा कागद दिसला. काका म्हणाले, "प्रत्येक डोळ्यात अशी एक जागा असते. मी जन्मभर हे लोकांना दाखवत आलो. आणि स्वतः कोऱ्या कागदावर विश्वास ठेवला."

काकूंनी किल्ली त्यांच्यासमोर परत ठेवली. "म्हणजे दुखणं कळलंय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मग औषध घ्या. आजी-आजोबा वाट बघतायत."

दुसऱ्याच दिवशी मला वर्कशॉपमध्ये नेलं. जुना बंपर काढून नवा बसवला, यंत्र लावून माझी नजर पुन्हा जुळवली. परत पत्र्याचा तुकडा समोर आला आणि मी तो ओळखला. या खेपेला मला घमेंड वाटली नाही, हायसं वाटलं. काकांनी पुस्तकाचं वेष्टन फाडलं आणि सगळं पुस्तक मोठ्यानं वाचून काढलं. मग काकूंनी उभ्या गाडीत त्यांच्याकडून मान वळवायचा सराव करून घेतला. इतक्या वर्षांची आखडलेली मान, ती कुरकुर करणारच. काकूंनी तिचे लाड केले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्या तोंडावरचा चिखल पुसत जा, त्याच्यासमोर जाड स्टिकर चिकटवू नका, बंपरला मार बसला तर त्याची विचारपूस करा. त्याचा दिवा लागला तर थांबा. पण दिवा लागला नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं मात्र कधी समजू नका. आम्ही मदतनीस आहोत. मान तुमचीच वळली पाहिजे, हे घरात जो कुणी गाडी चालवतो त्याला तुम्ही सांगा. लहानांचं सांगणं मोठी माणसं लवकर ऐकतात.

आता काका वळण्याआधी आरसा बघतात, माझा दिवा बघतात आणि मान डावीकडे वळवतात. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना गाडी चालवताना आपल्या बाजूला बघताना पाहिलंच नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी त्या लाजल्याच.

"माझ्याकडे काय बघताय? मागे बघा," त्या म्हणाल्या.

"मागेच बघतोय," काका म्हणाले. "मध्ये तू येतेस, त्याला मी काय करू?"

मागून एक बस आली होती. मी दिवा लावला, आणि काका थांबले.