हिरवा दोरा

मराजो बेटावरच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांचे हात तपासायचं काम मी एकवीस वर्षं केलं. तरी झुल्मिराबाईंच्या, इथल्या बोलीत दोना झुल्मिराच्या, हातानं मला चकवलं.

तपासणी तशी साधी. रुग्णानं डोळे मिटायचे, मी नायलॉनचा दोरा बोटाला वाकेपर्यंत टेकवायचा, जाणवलं की त्यानं "हो" म्हणायचं. हिरवा दोरा सर्वांत बारीक, धडधाकट बोटालाच जाणवणारा, मग निळा, मग जाड जाड. मागच्या खेपेला झुल्मिरानं निळ्याला दर वेळी "हो" म्हटलं. मी तिला भट्टीवर जायची परवानगी दिली. कसाव्याच्या कंदाचा रवा भाजता भाजता आठवड्याच्या आत तिची तीन बोटं पोळली. तिला कळलंसुद्धा नाही.

चूक माझी. मी एका ठेक्यात दोरा टेकवत होतो. गावच्या प्रार्थनेत एकानं संताचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी "आमच्यासाठी विनवणी कर" म्हणायचं, यात तिचा जन्म गेलेला. जाणवो न जाणवो, माझ्या ठेक्याला ती तशीच साथ देत गेली.

त्यानंतर सहा महिने नसांची सूज उतरवणाऱ्या गोळ्या झाल्या. आज पुन्हा तपासणी. नणंद रोझिल्दा दारातच उभी.

"वहिनी, उगाच हो-हो करू नकोस. भट्टी मी सांभाळतेय."

"सांभाळतेस? तुझा रवा कोंबड्यासुद्धा खात नाहीत!"

"दोना, डोळे मिटा," मी म्हटलं.

निळा दोरा टेकवला. "हो."

मग मी दोरा हवेतच धरून ठेवला. मनात तीस मोजले. ती गप्प. मग करंगळी. "हो, करंगळी." पुन्हा थांबलो, या वेळी बराच वेळ.

"सेउ आडेमार, झोप लागली का?" तिनं डोळे न उघडता मला विचारलं.

"काही जाणवलं?"

"टेकवलंच नाहीत, तर काय डोंबल जाणवणार!"

दाराकडून हसू आलं. निळा दहाही बोटांना जाणवला. मला तरी विश्वास बसेना. न बोलता मी हिरवा उचलला आणि पोळलेल्या बोटाच्या टोकाला टेकवला.

"हो," ती म्हणाली. मग भुवया उंचावल्या. "हा बारका आहे. दोरा बदललात ना?"

मी दोरा तसाच धरून विचारलं, "पुन्हा एकदा बघू का?"

"तुम्ही बसा बघत. मला रवा भाजायचाय."

मी नोंदीच्या कागदावरच्या हाताच्या चित्रात हिरवा रंग भरेपर्यंत ती नदीच्या धक्क्यावर पोचलीही होती. रोझिल्दाला होडीत मागे बसवून वल्हं तिनं स्वतः हातात घेतलं होतं.