शाडूत घेतलेला हात

वाजिद मिस्त्रीला घरात बसवत नव्हतं. पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत, नुसत्या येरझारा. बापानं मुंबईच्या गोदीतून आणलेल्या लोखंडी रंध्याची मूठ मोडली होती. लाकूड कुजलंच होतं, असं त्यानं बायकोला, जुबेदाला, सांगितलं. खरं म्हणजे रंधा त्याच्याच हातातून निसटून फरशीवर आपटला होता. मागच्या आजारपणापासून उजव्या हाताची दोन बोटं मिटतच नव्हती, आणि हे कबूल करील तर तो वाजिद कसला!

त्यात कतारहून झुबेरचा फोन. पोरगा बकरी ईदला रोह्याला येणार आणि हत्यारांची पडवी रिकामी करून धाटावच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांना भाड्यानं देणार. अब्बा आता काम करत नाय, मग हत्यारं कशाला, असं त्याचं म्हणणं. वाजिद तडकलाच. तू ये, तुझ्यासमोर दार रंधून दाखवतो, असं बोलून बसला. आता निस्तरणं आलं.

रोह्यात कुणाला सांगावं तर गाव हसणार. सुतार आपल्या रंध्याची मूठ दुसऱ्याकडून करून घेतो होय? म्हणून त्यानं पेणची गाडी पकडली. पेणला गोविंदा होता, जुना जोडीदार, आता गणपतीचे पाट करायचा. गाडीतही याला चैन नाही. पुढचं निडी स्टेशन येईस्तोवर ऊठबस करून शेजारच्या बाईला नुसता वैताग आणला.

वाजिदनं मोडका रंधा गोविंदापुढे ठेवला. गोविंदाची रीत ठरलेली: आधी हाताचा ठसा शाडूत घ्यायचा, मग लाकूड कोरायचं. शेजारच्या मूर्तीच्या कारखान्यातून त्यानं ओल्या मातीचा गोळा आणून दिला आणि चहा सांगायला गेला.

वाजिदनं गोळा उजव्या हातात दाबला. अंगठा रुतला, पहिली दोन बोटं रुतली, उरलेली दोन वरच राहिली. झालं, आता बिंग फुटणार! त्यानं घाईघाईनं माती पुन्हा मळली आणि डाव्या हातानं करकचून दाबली. गोविंदा आला, ठसा पाहिला, म्हणाला, रविवारी ये.

रविवारी शिसवीची मूठ रंध्यावर चढलेली होती. वाजिदनं रंधा उजव्या हातात घेतला. मूठ बसेचना, अंगठ्याची खोच भलत्याच बाजूला. त्याचा पारा चढला. एवढी वर्षं काय झक मारलीस, म्हणून तो गोविंदावर घसरला.

"ज्या हातानं माती दाबलीस, त्या हातात घे," गोविंदा म्हणाला.

वाजिदचं तोंड एवढंसं झालं. रंधा टाकून पळावं, असं वाटलं त्याला. पण गोविंदानं समोर फळी बांधून ठेवली होती. वाजिदनं मूठ डाव्या हातात धरली. ती नेमकी बसली. उजवा तळवा रंध्याच्या पुढच्या गोल बोंडावर नुसता टेकवायचा होता, तिथं बोटं मिटायची गरजच नव्हती. रंधा आधी अडला, मग फळी खरवडली. वाजिदनं शिव्या हासडत पुन्हा रेटला, पुन्हा रेटला. शेवटी एक पातळ, लांब साल वर आली.

ती त्यानं हातात घेतली. मग तिथूनच त्यानं कतारला फोन लावला.

"झुबेर, माझा उजवा हात गेला रे," तो म्हणाला. "पण पडवी देऊ नको. डावा शिकतोय."