वेगळं ताट

तनयनं आपलं ताट दुसऱ्यांदा घासलं, त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि घरातल्या इतर ताटांपासून दूर, खिडकीशी उभं केलं. शेजारी त्याचा निळा कप उपडा घातला.

देवघरात त्याची आई, विनताबाई, फुलवाती वळत होत्या. शेजारच्या पुष्पाकाकू बेलाची पानं निवडत बसल्या होत्या.

"तनयनं नेम धरला म्हणे?"

"तोंडानं काही सांगितलं नाही," विनताबाईंचा आवाज मुळातच हळू, आज त्यात किंचित अभिमान होता. "पण ताट वेगळं, कप वेगळा, टॉवेल वेगळा. कुणाला शिवत नाही. चातुर्मासाचाच असेल."

"नशीब तुमचं! आमचा विक्की तर आंघोळीचाही नेम पाळत नाही. उठल्यापासून मोबाइल पाहून राहिला."

मोरी धुता धुता तनयचा हात थांबला. आईचं सोवळं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. कुणाचं उष्टं तिनं कधी तोंडाला लावलं नव्हतं. तो लहान असताना त्यानं वाटीत टाकलेला भातही ती गाईला घाली. आता त्याच आईला तो आपल्यासारखा झालेला दिसत होता. तिला खरं सांगावं असं मनात आलं, पण त्यानं फक्त नळ बंद केला.

भोपाळला बँकेच्या प्रशिक्षणात अवंतिका भेटली होती. शेवटच्या रात्री ती दोघं एकत्र होती. निरोध फाटल्याचं नंतर लक्षात आलं, तेव्हा घाबरून दोघांनाही हसू फुटलं होतं. जबलपूरला परतल्यावर ते हसू कुठल्या कुठे गेलं. घसा जरा खवखवला की तो आरशापुढे तोंड उघडून उभा राही. मीटिंगमध्ये बोट आपोआप मानेशी जाई, गाठ शोधायला. ताटाकपानं एचआयव्ही होत नाही, हे त्यानं वाचलं होतं. तरी आईच्या ताटावर आपलं ताट ठेवायचा धीर होत नव्हता. अवंतिकाचे फोन येत. तो न उचलता मोबाइलचा पडदा उजळलेला बघे, आणि विझला की पुन्हा मान चाचपे.

त्या दुपारी तो सरकारी तपासणी केंद्राच्या दारावरून दोनदा पुढे गेला आणि मग एकदम आत शिरला. रक्त देऊन बराच वेळ बसल्यावर समुपदेशक बाईंनी बोलावलं. टेबलावर पाटी होती, मेघना.

"बैठिए भैया." कागदावरचं आडनाव वाचून त्यांनी मान वर केली. "मराठी काय? मी नागपूरची."

तनयनं दाराकडे पाहिलं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ह्या आईशेजारी बसल्या तर?

"घाबरू नका. इथलं बोलणं ह्या दाराबाहेर जात नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आहे."

त्यानं खुर्चीची कड धरली. "म्हणजे नक्की नाही?"

"सहा आठवडे झाले म्हणता, म्हणजे लक्षण चांगलं आहे. तीन महिने झाले की आणखी एकदा या, मग मनातून काढून टाका. एकदाच्या संबंधानं होण्याची शक्यता तशी कमीच, पण शून्य नसते. तीन दिवसांच्या आत आला असता, तर लागण टाळायचं औषध देता आलं असतं. पुढं कधी वेळ आलीच तर ध्यानात ठेवा."

"घरी आई आहे. माझं ताट, कप..."

"एका ताटात जेवा. त्यानं नाही होत."

तो उठला नाही. मेघनाताईंनी पेन खाली ठेवलं.

"त्या मुलीला आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"आणि तुमची ह्याआधी तपासणी कधी झाली होती?"

"कधीच नाही."

"मग तिनं काय समजायचं? तीसुद्धा तिकडे गळा चाचपून राहिली असेल. फोन काहून नाही केला?"

तनयचा हात मानेशी गेला होता. त्यानं तो खाली घेतला.

घरी चहा तयार होता. त्यानं निळा कप सुलटा करून भरला, दोन घोट घेतले आणि उकडतंय म्हणून बाही वर सारली. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटपट्टीखाली तसाच होता. विनताबाईंची नजर तिथे थांबली.

"रक्त काढलं?"

"तपासायला."

"काय निघालं?"

"आत्ता काही नाही. पुन्हा एकदा जावं लागेल."

त्यांनी उदबत्तीची राख बोटानं गोळा केली. बराच वेळ गोळा करत राहिल्या.

"मग हा नेम नव्हता."

"नाही, आई."

कशाचं रक्त, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. समोरचा निळा कप उचलला, आणि त्याच्या तोंडचा उरलेला चहा शांतपणे पिऊन टाकला.

"गार झाला होता," त्या म्हणाल्या. "दुसरा करते. परत जाशील त्या दिवशी सांग मला, उपास धरीन."

कप विसळून त्यांनी तो मांडणीत आपल्या कपाला लागून ठेवला. मग खिडकीशी गेल्या, ताट उचललं आणि ताटांच्या चळतीत मधोमध सरकवलं.

तनय गॅलरीत आला आणि त्यानं अवंतिकाला फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिकडून उचलला गेला.

"तनय?"

"कशी आहेस?"

तिकडून कितीतरी दिवस दाबून धरलेला श्वास सोडल्याचा आवाज आला.