काचेवरची टोपी

मित्रांनो, मी तिसऱ्या मजल्यावरची एक जुनी खिडकी आहे. माझ्या लाकडावर रंगाचे इतके थर चढले आहेत की माझा मूळ रंग कोणता, ते मलाही आठवत नाही. एका सुताराने मला घडवले आणि या भिंतीत बसवले. तेव्हापासून मी खालच्या अरुंद रस्त्याकडे बघत उभी आहे.

हिवाळ्यात इथली माणसे मान आत ओढून भराभर चालतात. कोणी कोणाकडे बघत नाही. मग एके दिवशी ऊन जरा रेंगाळते. खालचा न्हावी दुकानाचे दार उघडेच ठेवतो. समोरच्या कठड्यावर गाद्या पडतात. चौकातल्या बोडक्या झाडाच्या शेंड्याला हिरवट पुटकुळ्या येतात. त्या दिवशी रस्त्यातल्या सगळ्या खिडक्या कुरकुरत उघडतात. सगळ्यांत आधी उघडायची ती मी. "आमच्या रस्त्यावर ऋतू या खिडकीतून येतो," असे न्हावी कौतुकाने म्हणायचा.

मला उघडणारी बाई बस चालवायची. तिचा नवरा गरम कोटांच्या दुकानात होता. त्यांना एक मुलगी होती. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आईची पहिली बस पहाटेची. भिंगरी उठायच्या आत तिला निघावे लागे. म्हणून निघताना ती माझ्या धूसर काचेवर बोटाने चित्र काढायची. आज काय घालायचे, ते भिंगरीने त्यावरून ओळखायचे. चित्रकलेत आईचा आनंदच होता. तिची छत्री उपड्या वाटीसारखी दिसायची. गोंड्याची टोपी मात्र तिला छान जमायची.

एका वर्षी थंडी गेली गेली म्हणता म्हणता पुन्हा कडाडली. त्या पहाटे तिने काचेवर टोपी काढली, गोंडा जरा मोठाच काढला आणि ती गेली. पुलावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. बस घसरून कठड्यावर आदळली. आतले प्रवासी वाचले. ती वाचली नाही.

घरात माणसे आली, रडली, निघून गेली. मग एका सकाळी चहाच्या वाफेने माझी काच धुरकटली आणि तिच्यावर टोपी उमटली. मित्रांनो, यात जादू नाही. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो. वाफ धरली की तेवढी जागा मोकळी राहते आणि चित्र पुन्हा दिसते. पण ते बघून बाबांनी हातातला कप खाली ठेवला. मागे भिंगरी उभी होती.

"बाबा, आई येऊन गेली?"

बाबांना 'नाही' म्हणवेना. "हं," ते म्हणाले.

भिंगरीने टोपी घातली.

मग वसंत आला. काच कोमट राहू लागली, तिच्यावर वाफ धरेना. बाबा रोज सकाळी भिंगरी उठण्याआधी उकळती किटली माझ्या चौकटीवर आणून ठेवू लागले. टोपी यायची. भिंगरी ती बघायची आणि लोकरीची टोपी घालून शाळेत जायची. मुले तिला गोंडा म्हणून चिडवू लागली. थंडीसाठी माझ्या फटींवर लावलेल्या पट्ट्या बाबांनी त्या वर्षी काढल्याच नाहीत. समोरच्या खिडक्या उघडल्या, गाद्या आल्या, गाणी आली. मी बंदच राहिले. दुपारी घर रिकामे असताना स्वयंपाकघराच्या दारातला पडदा हळूच हलायचा. आत वारा यायला तर कुठे फटही नव्हती. मला भीती वाटायची, मित्रांनो. आणि पडदा हलला नाही की त्याहून जास्त वाटायची.

एका दुपारी मावशी भिंगरीला उचलून घेऊन आली. शाळेच्या मैदानात तिला भोवळ आली होती. बाबाही दुकानातून धावत आले.

"भाऊजी, हिच्या कपाळाला हात लावून बघा. नुसती भट्टी झालीय! आणि टोपी काढू देत नाही."

"आईनं सांगितलंय," भिंगरी दोन्ही हातांनी टोपी धरून म्हणाली. "आज सकाळीच चित्र काढून गेली. बाबांनी पण बघितलं."

मावशीने माझ्याकडे पाहिले. पट्ट्या पाहिल्या. चौकटीवरची किटली पाहिली.

"भाऊजी, काय चाललंय हे?"

"राहू दे ना," बाबा पुटपुटले. "तिचं तेवढंच तर उरलंय."

"माझी सख्खी बहीण होती ती. मला नका सांगू काय उरलंय ते. ही पोर उरलीय ना?"

बाबा भिंगरीसमोर खाली बसले.

"भिंगरे, किटली मी ठेवतो. वाफेनं ते जुनंच चित्र परत दिसतं. आई येत नाही गं."

"खोटं!"

ती स्टुलावर चढली. काचेला तोंड लावून तिने जोरात श्वास सोडला. गोंडा उमटला. पुन्हा सोडला. टोपीची एक कड उमटली. ती कितीतरी वेळ तशीच श्वास सोडत राहिली.

"मी केलं तरी येतंय," ती अगदी हळू म्हणाली. "म्हणजे आई नव्हतीच?"

बाबांनी 'नव्हती' म्हणून मान हलवली. मावशीने पदराने तोंड झाकले. भिंगरी रडली नाही. तिने डोक्यावरची टोपी काढली. केस कपाळाला चिकटले होते.

"बाबा, मला फार उकडतंय," ती म्हणाली. आणि मग मात्र रडली, आई गेली त्या दिवशी रडायची राहिली होती तशी.

बाबांनी पट्ट्या ओरबाडून काढल्या. मी फुगून घट्ट बसले होते. त्यांनी आणि मावशीने मिळून खांदा लावला, तेव्हा कुठे मी उघडले. रस्त्यावरचा गलका एकदम आत आला. काही दिवसांनी बापलेकीने मिळून माझी काच स्वच्छ पुसली. कोणी कोणाला घाई केली नाही.

आता भिंगरी दुसऱ्या शहरात असते. बाबा थकले आहेत. माझी एक बिजागरी गंजली आहे, खालचे लाकूड कुजत चालले आहे. "पुढच्या वर्षी बघू," असे दर वर्षी ठरते.

पण मित्रांनो, हे मी कोणाला सांगितलेले नाही. हिवाळा सरत आला की एखाद्या पहाटे माझ्या काचेवर बोटाएवढा एक ठिपका गार पडतो. तो हळूहळू सरकतो, वळतो आणि थांबतो. उजाडल्यावर तिथे काहीच दिसत नाही.

म्हणून एवढेच मागते. जुन्या खिडक्यांना तेलपाणी करा. ऋतू बदलला की त्या उघडा, आणि काचाही पुसा. फक्त पुसताना हात जरा हळू चालवा.