बारा जीबी की चोवीस

गुरुवारी संध्याकाळी सुयोगने जेवणाच्या टेबलावर दोन ग्राफिक्स कार्डं मांडून ठेवली, तेव्हा आईने ताटं ओट्यावर वाढली आणि आम्हा दोघा भावंडांना उभ्याने जेवायला लावलं. सुयोग माझा धाकटा भाऊ. एका विमा कंपनीत नोकरी करतो आणि उरलेला वेळ कुठलं कार्ड कुठल्या गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम देतं यावर घालवतो. मी त्याला यावरून कायम टोमणे मारते. या वेळी मात्र मीच त्याच्या मागे लागले होते.

मी लाइटिंग करते. म्हणजे ॲनिमेशनमधल्या खोट्या घरांवर, झाडांवर खरा वाटेल असा उजेड पाडते. गोरेगावच्या स्टुडिओतली नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. नव्या नोकरीच्या दोन टेस्टमध्ये नापास झाले, असं घरी सांगितलं होतं आणि तिसरी हातात होती: जंगलातला बंगला, संध्याकाळची वेळ, एकशे वीस फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांची चित्रं. सोमवारी सकाळी दहापर्यंत पाठवायचं. या फ्रेम ज्यावर तयार होतात त्या माझ्या जुन्या कार्डाने बुधवारीच मान टाकली. ही टेस्टही गेली तर हे काम सोडून कुठल्या तरी क्लासमध्ये शिकवायला लागेन, असं मी आईला कबूल करून बसले होते.

टेबलावरचं एक कार्ड पॉलचं होतं. पॉल हा सुयोगचा कॉलेजचा मित्र, मरोळच्या गावठाणात राहतो, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचं कार्ड पाच वर्षं जुनं, विटेएवढं जाड, पण मेमरी चोवीस जीबी. दुसरं ओळखीच्या दुकानदाराने एक दिवस वापरून बघायला दिलेलं, कोरं करकरीत, बारा जीबी. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. एक विकत घेऊन ठेवायचं, एक परत करायचं.

सुयोगने आधी तीन गेम चालवून बघितले. नवं कार्ड तिन्हींत पुढे. वीजही कमी खातं, तापतही कमी. पॉलचं कार्ड इतकं तापलं की आईने पंखा वाढवायला लावला. मग माझा सीन. एका फ्रेमला पॉलच्या कार्डाला पंच्याण्णव सेकंद लागले, नव्याला अठ्ठावन्न. सगळा सीन कार्डाच्या मेमरीत मावावा लागतो; दोन्हींवर ती साडेआठ जीबी भरली. मी येरझाऱ्या घालत होते. मला एका जागी बसवतच नव्हतं.

“ताई, सीनमधलं सगळं चालू आहे ना? काही लपवून नाही ना ठेवलंस?” सुयोगने विचारलं.

मी म्हटलं, सगळं चालू आहे. त्याने पुन्हा विचारलं. मी खेकसले, की बारा वर्षं हे काम करतेय, तू आकडे घे. त्याने आकडे घेतले. साडेआठच लागतायत तर बारा भरपूर झाले, असं दोघांचंही ठरलं. शुक्रवारी तो पॉलचं कार्ड परत देऊन आला.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगते. जंगलाचा सीन असला की काम करताना आम्ही झाडं बंद, म्हणजे सीनमधून लपवून ठेवतो. लाखो पानं डोळ्यासमोर ठेवून माऊस हलवणं म्हणजे चिखलात चालणं. बंगल्यावरचा उजेड आधी लावून घ्यायचा, झाडं शेवटी चालू करायची. ही सवय इतकी हाडीमांसी भिनलेली असते की झाडं बंद आहेत हे डोळ्यांना दिसतच नाही. मी खोटं बोलले नव्हते. मला खरोखर सगळं चालू वाटत होतं.

रविवारी दुपारी बारा वाजता उजेड मनासारखा बसला. मी झाडं चालू केली आणि एक फ्रेम काढायला लावली. स्क्रीनवर उत्तर आलं: मेमरी अपुरी. सेटिंग बदलून कॉम्प्युटरची साधी मेमरी वापरायला लावली, तर एका फ्रेमला एक्केचाळीस मिनिटं. एकशे वीस फ्रेम म्हणजे साडेतीन दिवस. झाडं कमी करावीत तर टेस्ट मुळात पानांतून येणाऱ्या उजेडाचीच होती. भाड्याच्या सर्व्हरवर पाठवावं तर सीनची फाइल बाहेरच्या सर्व्हरवर टाकायची नाही, ही टेस्ट देणाऱ्यांची अट. 

सुयोग भाजी आणायला गेला होता. मी त्याला फोन लावला आणि झाडं चालू केल्यावर सगळं कोसळलंय हे सांगता सांगता नको ते बोलले. गेम खेळणाऱ्या माणसाच्या नादाला लागले हीच चूक, तुझ्या आकड्यांनी माझी वाट लावली, असलं बरंच काही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हार्ड डिस्क घे आणि खाली ये. मी पॉलला विचारतो.”

पॉलने कार्ड त्याच्या मशीनमध्ये परत बसवलं होतं. आता पुन्हा काढत नाही, इथेच येऊन काम कर, म्हणाला. आम्ही रिक्षा केली. पवईला रस्ता तुंबलेला. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते, रिक्षावाल्याला डावीकडून घ्या, उजवीकडून घ्या सांगत होते. सुयोग भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत होता.

पावणेतीनला पहिली फ्रेम सुरू झाली. एकोणीस जीबी भरली आणि कार्ड दमदार चालत राहिलं. एका फ्रेमला पावणेतीन मिनिटं. म्हणजे रात्री सव्वाआठपर्यंत. पॉलच्या आईने, मार्सेलिना आंटीने, मला तीनदा बसायला सांगितलं. मी तीनदा बसले आणि उठले.

पॉलला मस्करीला आयतं कारण मिळालं होतं. चोवीस जीबी सोडून बारा घेणारा एक्सपर्ट कोण, असं विचारून त्याने सुयोगला धारेवर धरलं. पाच वाजता त्याचा चुलतभाऊ डेरिक आला, त्यालाही तोच किस्सा रंगवून सांगितला. “सांगत होतो ना रे तुला, अख्खा सीन टाकून बघ म्हणून,” पॉल म्हणाला. सुयोग हसला, म्हणाला, “चुकलं यार.”

मी तिथेच उभी होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण मशीन पॉलचं, घर पॉलचं, आणि माझ्यासारख्या बारा वर्षं काम केलेल्या बाईने झाडं बंद ठेवून कार्ड तपासलं हे त्या पोरांसमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी स्क्रीनकडे बघत राहिले. 

सात वीसला शंभरावी फ्रेम झाली. पॉलने सुयोगचा फोटो काढला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकायला खाली ओळ लिहू लागला. तेव्हा मात्र मला राहवेना.

“थांब पॉल. झाडं मी बंद ठेवली होती. त्याने दोनदा विचारलं, मी चालू आहेत म्हणून सांगितलं.”

पॉलने फोन खाली ठेवला. आंटी चहाचे कप गोळा करत होत्या, त्या आत गेल्या. मी सुयोगकडे वळले आणि त्याला सांगितलं, की मला आत्ता नाही, दुपारी फोनवर तुला बोलत होते तेव्हाच आठवलं होतं.

“मला पण तेव्हाच कळलं,” तो म्हणाला. “झाडं चालू केल्यावर कोसळलं म्हणालीस ना.”

“मग दिवसभर ऐकून का घेतलंस?”

“तू स्वतःवर चिडलीस की काम सोडून देतेस, ताई. मागच्या दोन्ही टेस्ट तू नापास झालीसच नव्हतीस. पाठवल्याच नव्हत्यास. आईला माहीत नाही, मला माहितीये.”

हे कुणाला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं, “उद्या पाठवून झाल्यावर तरी बोलणार होतास?”

“नाही,” सुयोग म्हणाला.

सव्वाआठला शेवटची फ्रेम आली. मी सगळ्या तपासल्या, पॉलच्या खुर्चीवर बसून ईमेल लिहिला, आणि सोमवारची वाट न बघता तिथूनच पाठवून टाकला.