शाळेच्या गाडीतला बेडूक

कापसाच्या गाडीतून बेडूक निघाला असं मी सांगितलं की आमच्या पिंपळगाव राजाकडची माणसं मान डोलावतात आणि लांबची हसतात. हसणाऱ्यांनी हसावं. बेडूक माझ्या डोळ्यांदेखत निघाला, आणि चांगला वाटीएवढा होता.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या शाळेत एक खोली, एक फळा आणि एकच मास्तर, जानराव गुरुजी. नागपूरच्या रेडिओवर शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम लागतो हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांची झोप उडाली. बॅटरीवरच्या रेडिओचे अर्धे पैसे सरकार देणार होतं, अर्धे गावानं द्यायचे. गावचा वाटा ठरल्या दिवशी खामगावच्या पंचायत समितीत, कचेरी बंद व्हायच्या आत भरायचा. चुकला तर रेडिओ यादीतल्या पुढच्या गावाला. गुरुजींनी पोरांना शब्द देऊन टाकलेला. पोरांनी फळ्याशेजारी फळी ठोकली आणि रेडिओ यायच्या आधीच त्या रिकाम्या फळीला झेंडूचा हार घालायला लागली.

रोकड मागितली असती तर गावानं गुरुजींना चहा पाजून वाटेला लावलं असतं. त्यांनी कापूस मागितला. सीतादही झालं, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा झाली, की घरटी एक ओटी. ओटीला नाही कोण म्हणणार? खोली भरली. पैसे भरायचा दिवस खामगावच्या बाजाराचाच; आदल्या संध्याकाळी सगळा माल उकंडरावाच्या गाडीत दाबून भरला आणि गाडी शाळेच्या दारात उभी राहिली.

आता आमच्या गावची रचना ध्यानात घ्या. पहाटे लोटा घेऊन पांदणीकडे, म्हणजे शेताच्या आडवाटेकडे, जायची वाट शाळेच्या दारावरून. आणि कापसात पाणी मारलं की वजन वाढतं, हे आमच्याकडं पोरगं चालायच्या आधी शिकतं. त्या पहाटे ज्याला त्याला एकच पुण्यविचार सुचला. आपल्या गाडीत मारतोच, मग शाळेच्या गाडीत एक लोटा काऊन नाही? हा धर्म आपल्यालाच सुचला असं प्रत्येकाला वाटलं. वरचा कापूस बाजूला सारायचा, आत लोटा रिकामा करायचा, वरून परत कोरडा थर लावायचा. निम्मं गाव पांदणीपर्यंत न जाताच माघारी फिरलं. मी त्या पहाटे झोपलो होतो. साक्षीदार आमचा कुत्रा, तो पुढं वारला.

सकाळी उकंडराव, गुरुजी आणि मी गाडी घेऊन निघालो, आणि वाटेत बैलांच्या तोंडाला फेस आला. उकंडराव म्हणाला, गाडीत कापूस आहे का धोंडे? गुरुजींनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर काढला तेव्हा बाहीतून पाणी गळत होतं. मी म्हटलं, गुरुजी, शाळेच्या मालात कोण हात घालतं, गप विकून टाका. त्यांनी हात धोतराला पुसला आणि खाली उतरून खामगावपर्यंत गाडीमागून चालत आले.

बाजारात गाड्यांची रांग. आमच्याच गावच्या कितीतरी. पुढं मनकर्णाबाईंची लहान गाडी, त्यांची पोरगी शाळेत होती; शेवटी गावातले सगळ्यात मोठे शेतकरी शेषरावबापू, त्यांच्या दोन टोलेजंग. मोतीराम नावाचा व्यापारी गाडीगाडीला भाव करत येत होता. त्यानं ओली ठरवलेल्या गाडीला त्या दिवशी बाजारात दुसरा कोणी विचारत नसे.

शाळेची गाडी म्हणून त्यानं आधी हात जोडले. भाव चांगला बोलला. मग निव्वळ सवयीनं हात आत घातला, आणि हाताच्या आधी बेडूक बाहेर आला. गाडीच्या दांडीवर बसला, चहूकडं बघितलं आणि उडी मारून गेला.

"गुरुजी," मोतीराम म्हणाला, "कापूस आणला का इहीर आणली?"

बाजार हसला. मोतीराम हसला नाही. माहीत होतं का, एवढंच त्यानं विचारलं. मी मागून गुरुजींना चिमटा काढला. नाही म्हटलं असतं तर भागलं असतं.

"हो," गुरुजी म्हणाले. "वाटेत कळलं. तुम्ही हात घातला नसता तर मी बोललो असतो का, ते मलाही माहीत नाही."

मोतीरामनं ओला हात पुसला. मग म्हणाला, कोरडा असेल तेवढा तोलतो, ओल्याला भाव नाही. आम्ही वरचा थर काढून खाली अंथरलेल्या पालावर टाकला. ढीग गुडघ्याएवढासुद्धा झाला नाही. ऊन उतरायला लागलं होतं. कचेरी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. गुरुजी ढिगाजवळ उभे, कोणाकडं बघत नव्हते, आणि गावची माणसं आपापल्या बैलांच्या शिंगांकडं बघत होती.

मनकर्णाबाई उतरल्या. स्वतःच्या गाडीवरचा कापूस ओटीत घेतला आणि पालावर आणून टाकला. उचललेल्या जागी खालचा माल ओलाकच्च चमकत होता.

"बाई, खालचा दिसून राह्यला," मोतीराम म्हणाला.

"दिसू दे. शायेच्या गाडीत म्या एक लोटा टाकला होता. पोरीसाठी टाकला, भाऊ. वाईट मनानं नाही."

मग दुसरा उतरला, मग तिसरा. कोरडा कापूस काय तो प्रत्येकाच्या गाडीत वरच, म्हणून जो ओटी देई त्याचं बिंग मोतीरामच्या डोळ्यांसमोर उघडं पडे. ढीग कमरेला आला. तरी कमी होता. आता सगळे शेषरावबापूंकडं बघायला लागले. बापू हाताची घडी घालून उभे.

मोतीराम बापूंच्या गाडीशी गेला. कापसावर नुसती बोटं फिरवली.

"बापू, तुमचा भाव करून टाकू का आधी? वरून तर चांदी दिसते."

त्यानं हात आत घातला नव्हता. बापू हो म्हणाले असते तर दोन्ही गाड्या कोरड्याच्या भावानं गेल्या असत्या. बापूंनी मिशीवरून हात फिरवला. पंचायत समितीच्या बाजूला बघितलं. गुरुजींकडं बघितलं.

"थांब बे," ते म्हणाले. "आधी शायेचं होऊ दे."

आणि स्वतः गाडीवर चढून कवेत मावेल तेवढा कापूस खाली फेकायला लागले. थर निघाला तसं चाकाच्या आऱ्यांवरून पाणी ठिबकलं. आणखी बेडूक निघाले असते तर मी सांगितलंच असतं. नव्हते.

मोतीरामनं तोललं आणि पैसे गुरुजींच्या हातात दिले. गुरुजी धोतर खोचून पळाले. कारकून कुलूप लावत होता. त्यानं पुन्हा उघडलं.

आमच्या गावच्या गाड्या त्या दिवशी सगळ्यात पडत्या भावानं गेल्या. परतताना कोणी कुरकुरलं नाही. कुरकुरायचं तरी कोणत्या तोंडानं?

रेडिओ फळीवर बसला. खरखर झाली, मग नागपूरची बाई पोरांशी बोलायला लागली, आणि शेषरावबापू खिडकीशी उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते.

तेव्हापासून पहाटे लोटा घेऊन निघालेला माणूस शाळेवरून जात नाही. मारुतीच्या मागून लांबचा फेरा घेतो. कोणी मनाई केलेली नाही.