फेर्मिनचा ठोकळा

ओस्मेल पोतं खांद्यावर घेऊन माझ्या अंगणात आला तेव्हा मी लेथवर कुणाच्या तरी पंपाचा दांडा घासत होते. वीज जायच्या आत तो संपवायचा होता, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं पोतं माझ्या टेबलावर रिकामं केलं. ब्रेकच्या दोन डिस्क, त्यांना चिमटीत धरणारे दोन कॅलिपर, एक हँडब्रेकचा दांडा आणि केबलचं भेंडोळं. भाड्याने फिरणारी कसलीशी व्हॅन बायामो गावाच्या रस्त्यावर आपटली होती, तिच्या मागच्या चाकांचं सामान. ते म्हणे आपल्या डॉज टॅक्सीला बसवायचं. मी म्हटलं, मी साखर कारखान्यातली टर्नर आहे, जादूगार नाही, ऊठ. तो उठला नाही. मी आधी शिव्या घालते आणि मग काम करते, हे आमच्या तिवोली वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.

डॉज हिरवी आहे, आणि ओस्मेलपेक्षा वयानं मोठी. तिचा मूळचा मागचा अॅक्सल तो शाळेत असतानाच मोडला. तेव्हा त्याच्या बापानं, फेर्मिननं, तिला व्होल्गा नावाच्या दुसऱ्याच गाडीचा अॅक्सल बसवला. स्वतःच्या हातानं, अंगणात, शेजाऱ्यांच्या जॅकवर. अजून कुणी नवा पॅसेंजर गाडीत बसला की फेर्मिन त्याला ती हकिकत ऐकवतो, आणि गाडीतून उडी मारता येत नाही म्हणून पॅसेंजर ऐकतो. पण व्होल्गाचे ब्रेकचे ड्रम आता आतून झिजून वाटीसारखे झाले होते आणि लायनर मिळेल त्या कातड्याचे. आदल्या आठवड्यात मार्ते चौकाकडून भरलेली गाडी खाली येत असताना ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. ओस्मेलनं चाक फुटपाथला घासत घासत गाडी एका भिंतीला टेकवली. कुणाला लागलं नाही. एका बाईची अंडी फुटली, आणि तिनं ओस्मेलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

हँडब्रेक तर त्या गाडीला कित्येक वर्षं नव्हताच. आमच्या चढावर हँडब्रेक नसलेली गाडी उभी राहत नाही, तिला फेर्मिन उभी करायचा. डोळे अधू होईपर्यंत गाडी त्यानंच चालवली. मग डावीकडचं स्टिअरिंग पोराला दिलं आणि स्वतः पुढच्या लांब सीटवर उजव्या दाराशी बसायला लागला, मांडीवर दोरी बांधलेला लाकडाचा ठोकळा घेऊन. कुणाला उतरायचं असलं की ओस्मेल ब्रेकवर पाय दाबून धरायचा. फेर्मिन दार उघडून दुखरा गुडघा आधी बाहेर काढायचा, गाडीला हात लावत मागं जायचा, ठोकळा चाकाखाली सारायचा आणि पत्र्यावर दोनदा टकटक करायचा. म्हणजे आता पाय उचल. निघायच्या वेळी दोरी ओढून ठोकळा काढायचा आणि पुन्हा तसाच लंगडत जागेवर. या सगळ्याला वेळ लागायचा. जुने पॅसेंजर गप्प बसायचे. नवा कुणी कुरकुरला तर बाकीचे त्याच्याकडे असं बघायचे की तो पुढच्या थांब्यालाच उतरायचा.

आता या नव्या कॅलिपरांना हँडब्रेक होता. हँडब्रेक लागला की ठोकळा नको, ठोकळा नको की फेर्मिन नको, आणि दाराशी आणखी एक पॅसेंजर बसेल. हा हिशेब आमच्या गल्लीनं जेवणाच्या आधी मांडून टाकला. ओस्मेलची बायको म्हणाली, बरं होईल, त्यांच्या गुडघ्याला आराम मिळेल. ती मनानं चांगली आहे, पण स्वतःची बायको वारल्यापासून फेर्मिन खरं तर त्या सीटवरच राहत होता, हे तिला दिसत नव्हतं. घरी त्याच्यासाठी एक खुर्ची आहे, समोर रेडिओ आणि रेडिओच्या मागं भिंत. मी ओस्मेलला सरळच विचारलं की बाप कुठं बसणार. "आधी ब्रेक तर बसू दे, मावशी," तो म्हणाला आणि कॅलिपर चाळवत बसला. मला त्याचा संताप आला. दुसऱ्याच्या घरातलं भांडण माझ्या अंगणात आणून ठेवायचं आणि वर गुळमुळीत बोलायचं.

पण काम घेतलं होतं. डिस्कला भोकं चार आणि व्होल्गाच्या अॅक्सलला बोल्ट पाच, म्हणून डिस्कला नवी भोकं पाडली आणि मधलं भोक लेथवर मोठं केलं. कॅलिपर धरायला काही जागाच नव्हती. बंद पडलेल्या कारखान्यातली जाड प्लेट माझ्याकडे होती, तिचे दोन तुकडे कापून अॅक्सलच्या टोकांवर बसतील असे केले. वीज मध्येच जायची, मग आम्ही भात खायचो आणि वीज यायची वाट बघायचो. फेर्मिन रोज यायचा. पालथ्या खोक्यावर बसून रॉकेलनं कॅलिपर पुसायचा आणि गोणपाटावर मांडून ठेवायचा, डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे.  ठोकळा खोक्याशेजारी ठेवलेला असायचा.

केबलसाठी ओस्मेलनं मला गाठ मारलेली दोरी आणून दिली. मी ती गाडीखाली लावून बघितली तर हातभर जास्त. डॉजच्या मूळच्या हँडब्रेकची जागा ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला, डॅशबोर्डखाली, तिथवर एवढी केबल कशाला? मी म्हटलं, सासूसाठी कापड मोजल्यासारखं सढळ मोजलंयस. तो हसला, म्हणाला, तेवढीच कर. दांडा कुठं बसवायचा ते मी बघतो. गाढवाशी कोण वाद घालणार, मी तेवढीच केली.

शेवटी डिस्क चढल्या, कॅलिपर चढले. डावीकडचा मी बसवला, उजवीकडचा ओस्मेलनं. पुढच्या डिस्क त्यानं आधीच दुसऱ्या गावातून बसवून आणल्या होत्या, म्हणून इथं आम्हा कुणालाच या कामाची सवय नव्हती. आता पाइपातली हवा काढायची राहिली होती. पेडलवर फेर्मिन बसला, कारण त्या गाडीच्या पेडलची ओळख त्याच्या पायाइतकी कुणालाच नाही. ओस्मेल खालून ओरडायचा दाब, धर, सोड, आणि फेर्मिन गुडघा दुखत असूनही दाबायचा, धरायचा, सोडायचा. ब्रेक ऑइल येत राहिलं, पण पेडल काही कडक होईना. कॉफीत बुडवलेल्या पावासारखं मऊ. दुपार अशीच गेली आणि ऑइल संपत आलं. ओस्मेल माझ्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला की जाऊ दे, उद्या ड्रमच परत चढवू, चालतील तेवढे दिवस चालतील. हात पुसत तो कॉफी आणायला घरी गेला. तेव्हा माझी नजर फेर्मिनच्या चेहऱ्यावर गेली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

मी टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली सरकले. हवा काढायचा निपल शोधायला वर हात घातला, तर तो वर नव्हताच. खाली होता, अगदी तळाला. हवा वर जाते, हे घेवडा शिजवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. तळाच्या निपलमधून ती जन्मात निघाली नसती. दुसऱ्या बाजूला तसंच. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. मी बाहेर आले आणि त्या गोणपाटाकडे बघितलं.

"फेर्मिन, हे तू बदललेस?"

तो स्टिअरिंगला धरून बसला होता. 

"एकदा मी त्या सीटवरून उतरलो ना, नेरेइदा, की परत मला कुणी बसवणार नाही," तो म्हणाला. "घरी रेडिओसमोर बसून मरायचं का मी?"

"आणि उतारावर ब्रेक लागला नसता तर? तुझाच पोरगा आहे स्टिअरिंगवर."

"अशी गाडी मी त्याला बाहेर नेऊ दिली नसती. चाकापुढं आडवा पडलो असतो. मला फक्त ड्रम परत हवे होते."

मला त्याचा राग आला होता, खूप. आख्खी दुपार मी चिखलात पाठ टेकून घालवली होती. पण रेडिओसमोर मरायच्या त्याच्या त्या वाक्यावर मला रडू आलं. लपवायला मी पुन्हा गाडीखाली गेले. ओस्मेल कॉफीचे कप घेऊन आला तेव्हा मी खालूनच सांगितलं की कॅलिपर मी उलटे बसवून घेतले, म्हातारीच्या डोळ्यांना आता दिसत नाही. तो वाकला. एका कॅलिपरच्या मागच्या अंगाला लाल रंगाचा ठिपका होता, बसवताना आम्हा दोघांच्याही लक्षात न आलेला; तो त्यानंच पोत्यातून काढताना दिला होता, डावा ओळखू यावा म्हणून. तो ठिपका उजवीकडे होता. त्यानं ठिपक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गाडीत बसलेल्या बापाकडे बघितलं नाही.

"होतं, मावशी," तो म्हणाला आणि पाना उचलला.

अदलाबदल केल्यावर हवा भराभर निघाली आणि पेडल दगडासारखं झालं. हँडब्रेकचा दांडा आणि केबल ओस्मेलनं घरी नेऊन स्वतः बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन मला न्यायला आला. चढावर हँडब्रेक लावून बघायचा होता, आणि घसरलीच तर कुणीतरी मागं ठोकळा घेऊन उभं राहायला हवं होतं. मी म्हटलं, म्हणजे चिरडायला मी. पण गेले.

चढाच्या सगळ्यात उभ्या जागी गाडी थांबली. ओस्मेल ब्रेक दाबून बसला. फेर्मिन खाली उतरला, ठोकळा माझ्या हातात दिला, दोरी मनगटाला दोन वेढे देऊन कशी धरायची ते दाखवलं. त्याला ठोकळा सोडवत नव्हता, त्याची बोटं मला सोडवावी लागली. मग तो लंगडत परत दाराशी गेला आणि बसता बसता थबकला. मी त्याच्या मागून वाकून बघितलं. त्याच्या पायाशी सकाळपासून पडलेलं पोतं ओस्मेलनं तेवढ्यात बाजूला ओढलं होतं. दांडा ड्रायव्हरच्या डावीकडे नव्हता. तो फेर्मिनच्या सीटपुढं, उजव्या दाराशी, गाडीच्या तळाला बोल्टनं घट्ट बसवलेला होता. फेर्मिन बसला की हात आपोआप जिथं पडेल, तिथं. केबलचं माप हातभर जास्त नव्हतंच.

फेर्मिन हळूच बसला. दार मी लावून घेतलं.

"ओढ, बाबा," ओस्मेल म्हणाला.

"हा इकडं का बसवलास?"

"चढावर माझे दोन्ही हात गुंतलेले असतात. ओढायला माणूस लागतो."

फेर्मिननं दांड्याला हात लावला नाही. समोर काचेतून बघत म्हणाला, "कॅलिपर मी बदलून ठेवले होते."

"ठाऊक आहे. ओढ आता, पाय भरून आलाय माझा."

मी मागं जाऊन चाकाजवळ उभी राहिले. दांडा ओढल्याचा करकर आवाज आला, पण ब्रेकचे लाल दिवे तसेच जळत राहिले. ओस्मेलनं पाय उचलला नव्हता. तो वाट बघत होता. मग उजव्या खिडकीतून फेर्मिनचा हात बाहेर आला आणि त्यानं दाराच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं.

दिवे विझले. गाडी बोटभर मागं आली आणि थांबली. मी ठोकळा हातात धरून तशीच उभी होते, आणि तो हात अजून बाहेरच होता, पत्र्यावर टेकलेला.